तळाशी कार्तिक

पहिला बर्फ पडतो तेव्हा त्याची भीती कुणालाच वाटत नाही. कार्तिकातली एखादी रात्र असते. आभाळ संध्याकाळपासून भरून आलेलं, बुग्यालावरचं, म्हणजे उंचावरच्या कुरणावरचं, गवत पिवळं पडून केव्हाच आडवं झालेलं, खरसूच्या काटेरी पानांआड दिवसाची ऊब अजून थोडी रेंगाळणारी. आणि मग पहाटेच्या आधी केव्हातरी, पावसासारखा पत्र्यावर न वाजता, वाऱ्यासारखा दारावर न धडकता, तो उतरतो. सकाळी अंगण पांढरं. पोरं ओंजळी भरभरून एकमेकांच्या मानेत घालतात, वासरं नाक लावून दचकून मागे सरतात, घरातली म्हातारी उंबऱ्यात उभी राहून हात जोडते, कारण हा बर्फ म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं पाणी. दुपारपर्यंत उन्हातला वितळूनही जातो. छपरं पुन्हा काळी, वाटा पुन्हा ओल्या. उरतो तो फक्त उत्तरेकडच्या उतारांवरचा, देवदारांच्या पायथ्याचा, खडकांच्या पाठीमागचा, जिथे मार्गशीर्षातलं ऊन डोकावतसुद्धा नाही तिथला. वीतभर, फार तर हातभर.

पुढचा अख्खा हिवाळा त्याच्यावर उभा राहतो.

मी सह्याद्रीत वाढले. तिथे डोंगराची भीती म्हणजे दरड. आषाढ-श्रावणात माती पाणी पिऊन जड होते आणि एखाद्या वेळी उतारच्या उतार गावावर येतो. २०१४ च्या जुलैत माळीण गेलं, २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी, आणि आजही पावसाचा जोर वाढला की ही नावं आमच्याकडे आपोआप ओठांवर येतात. पण आश्विन सरता सरता तो डोंगर मोकळा होतो. पाणी ओढ्याला, ओढा नदीला, नदी समुद्राला मिळते. सोनकी कोमेजते, कातळ तापू लागतो, आणि सरलेल्या पावसाचं अंगावर फारसं काही न ठेवता डोंगर हिवाळ्यात शिरतो. हिमालयाच्या उंचीवर तसं नाही. तिथे आभाळातून आलेलं वसंतापर्यंत कुठे जात नाही. जे ज्या क्रमानं आलं ते त्याच क्रमानं, एकावर एक, थरावर थर, डोंगर ठेवून देतो. वादळ ठेवतो, वादळानंतरचं निरभ्र ऊन ठेवतो, वाऱ्यानं झोडपलेली एखादी रात्र ठेवतो, कुठून तरी उडत आलेली धूळसुद्धा एक पिवळसर रेघ करून ठेवतो. माघातल्या उतारावर उभं राहिलं की पायाखाली पौष असतो, त्याच्याखाली मार्गशीर्ष, आणि अगदी तळाशी, जमिनीला लागून, कार्तिक.

त्या कार्तिकाला मी हात लावला आहे.

उत्तरकाशीच्या वरच्या अंगाला रैथल नावाचं गाव आहे. तिथून चढत गेलं की बुरांश आणि खरसूचं जंगल हळूहळू विरळ होतं आणि मग एकाएकी दयारा बुग्याल उघडतं, नजर पुरणार नाही इतकं. भाद्रपद संक्रांतीला गावातली माणसं इथे येऊन लोण्याताकाची होळी खेळतात. उन्हाळा-पावसाळाभर या गवतावर चरलेल्या गुरांचं दूध-लोणी आधी डोंगराच्या देवतांना आणि मग एकमेकांच्या गालांना. मी गेले तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. गुरं खाली गेलेली, गुराख्यांच्या छान्या रिकाम्या, त्यांच्या लाकडी दारांना बाहेरून दोऱ्या बांधलेल्या. दक्षिणेकडच्या उतारांवर पिवळं गवत, उत्तरेकडच्यांवर बर्फ. एकाच टेकडीच्या दोन अंगांना दोन ऋतू. आणि समोर, हवेत कणभरही धूर नसलेल्या त्या स्वच्छ उजेडात, बंदरपूंछ, श्रीकंठ आणि द्रौपदी का डांडा.

बर्फ समजून घ्यायला आलेल्या आमच्या गटाबरोबर एक प्रशिक्षक होते. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे, चालताना दर थोड्या वेळानं काठी बर्फात खुपसून बघणारे. गढवाली रिवाजानं आम्ही सगळे त्यांना भैजी म्हणत होतो आणि ते मला, वयानं मोठे असूनही, दीदी. त्यांनी बुग्यालाच्या कडेला सावलीतला एक उतार निवडला. कलता, पण ज्याच्या डोक्यावर काही लटकत नाही असा. फावड्यानं थेट गवतापर्यंत खणलं. मग खड्ड्याची वरच्या अंगाची भिंत फावड्याच्या पात्यानं तासून सरळ केली आणि रंगाऱ्याच्या ब्रशनं, अगदी अलगद, आडवी झाडली. मऊ होतं ते झडलं, कडक होतं ते राहिलं, आणि सपाट पांढऱ्या भिंतीवर रेघा उमटल्या. कुठे बोटभर अंतरानं, कुठे वीतभर.

"वाचा दीदी," ते म्हणाले.

वाचायचं ते हातानं. आधी मूठ दाबून बघायची, नाही गेली तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी सुरी. जे सहज आत जाईल तेवढा तो थर मऊ. मी हातमोजा काढला. सगळ्यात वर दोन-चार दिवसांपूर्वीचं हिम होतं, मूठ सहज सामावून घेणारं. त्याच्याखाली वाऱ्यानं दाबून बसवलेली फळी; तिथे बोट अडलं, पेन्सिल गेली. तिच्याखाली काचेइतकी पातळ एक चकाकती रेघ, कुठल्याशा उबदार दुपारी पृष्ठभाग वितळून रात्री पुन्हा गोठल्याची खूण. तिला सुरीच लागली. आणि त्याच्याही खाली, गवताच्या मुळांना टेकलेला, सगळ्यात जुना थर. वाटलं होतं की इतकं ओझं वागवून तो दगडासारखा झाला असेल. मी मूठ लावली आणि ती मनगटापर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा भिंतीतून दाणे ओघळू लागले, फाटक्या पुड्यातून साखर सांडावी तसे, एकमेकांशी ओळख नसल्यासारखे. मी त्यांचा गोळा वळायला गेले. वळेना. दाबून, आवळून, तळव्याची ऊब देऊनही दोन दाणे एकमेकांना धरून राहीनात.

भैजींनी काळ्या पत्र्याच्या तुकड्यावर त्यातले चार दाणे घेतले आणि भिंग पुढे केलं. आभाळातून पडणाऱ्या हिमाची चित्रं आपण पाहिलेली असतात, ते सहा पाकळ्यांचं नाजूक नक्षीकाम. इथे त्याचा मागमूस नव्हता. होते ते बारीक पोकळ पेले, कडा धारदार, बाजूंवर पायऱ्यांसारख्या रेघा, आणि प्रत्येक पेल्यात सकाळच्या उन्हाचा एकेक थेंब. इतकं देखणं काही मी डोंगरात क्वचितच पाहिलं आहे. मी बघतच राहिले. आणि हेच, भैजी म्हणाले, हेच माणसाला घेऊन जातं.

जपानमधल्या होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया नावाच्या शास्त्रज्ञानं १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, सशाच्या केसाच्या टोकावर. हवा किती थंड आणि किती दमट यावर स्फटिकाचं रूप ठरतं हे त्यांनी दाखवून दिलं. कुठे चांदणी, कुठे सुई, कुठे नुसती षट्कोनी चकती. पण हा झाला हिमाचा पहिला जन्म. जमिनीवर टेकल्यानंतर त्याचा दुसरा जन्म सुरू होतो, अंधारात, कुणी बघत नसताना. जमिनीच्या पोटात सरलेल्या उन्हाळ्याची धग असते. बर्फाखाली ती शून्य अंशाच्या आसपास राहते. वर कार्तिकाची निरभ्र रात्र असते, चांदण्यांनी गच्च भरलेली, उघड्या आभाळाला सगळी ऊब देऊन टाकणारी, आणि बर्फाचा माथा उणे पंधरापर्यंत, कधी त्याहूनही खाली जातो. या दोघांच्या मध्ये हातभर बर्फ. इतक्या थोड्या जाडीत इतका मोठा फरक मावत नाही. दर दहा सेंटीमीटरला अंशाहून जास्त फरक पडू लागला की तळाची ऊब वाफ होऊन वर निघते; एका दाण्याचा कण सुटतो, वरच्या दाण्याला जाऊन चिकटतो, त्याचा पुन्हा सुटतो, पुन्हा वर जातो. रात्रीमागून रात्री हे चालतं. दाणे मोठे होतात, कोनदार होतात, सुंदर होतात. पण एकमेकांना धरून ठेवणारे त्यांचे गळे झिजत जातात, आणि अखेर प्रत्येक दाणा आपापल्या सौंदर्यात एकटा उरतो.

बर्फ खोल असता तर हे झालं नसतं. पुरुषभर बर्फाखाली उष्णतेचा उतार हलका होतो, दाणे गोलावतात, शेजाऱ्याला चिकटतात, थर आतून सांधत जातो. बर्फाला बर्फाचीच ऊब लागते. म्हणूनच पहिला बर्फ लवकर यावा, थोडा यावा, आणि त्याच्यामागून नुसत्या निरभ्र रात्रींची माळ लागावी, ही डोंगरातली सगळ्यात वाईट सुरुवात. फिरायला गेलेल्या माणसाला ते दिवस स्वर्गासारखे वाटतात. निळं आभाळ, कोरडी हवा, पायाखाली जेमतेम बर्फ. थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका, असं मनाला वाटतं आणि पायांना पटतं. तेवढ्याच वेळात तळाशी पाया पोखरला जात असतो.

वारा उरलेलं काम करतो. कड्याच्या एका अंगाचा बर्फ उचलून तो दुसऱ्या अंगाच्या घळीत नेऊन भरतो, थापतो, वरून गुळगुळीत करतो. हिवाळ्याच्या तोंडाशी सगळा डोंगर उघडा आणि घळीत तेवढी मऊ पांढरी गादी, असं दृश्य दिसतं. बर्फाच्या ओढीनं आलेली माणसं जातात ती नेमकी तिथेच. तीस अंशांपेक्षा कमी उतारावर बर्फ बहुधा धरून राहतो. फार उभ्या उतारावर तो फारसा साठतच नाही. या दोहोंच्या मधला जो उतार, चढायला आनंदाचा आणि स्की घेऊन उतरायला त्याहून आनंदाचा, तोच सुटतो. आणि सुरुवातीच्या दिवसांत त्या गादीखाली खडक जवळ असतात. सुटलेला बर्फ अगदी थोडा असला, गुडघाभर असला, तरी तो माणसाला ओढत नेतो तो खडकांवरून, तुटलेल्या खोडांवरून, एखाद्या ओढ्याच्या अरुंद पात्रात. आधी मार बसतो, मग तो गाडतो.

भैजींनी भिंतीत हातभर रुंदीचा एक चौकोनी खांब कापून मोकळा केला. त्याच्या माथ्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि वर हातानं थापा मारायला सुरुवात केली. आधी नुसत्या मनगटातून दहा. काही नाही. वरचा भुसभुशीत बर्फ जरा दबला एवढंच. मग कोपरातून. आम्ही सगळे वाकून बघत होतो, कुणाचा श्वास मोठा झाला तरी ऐकू येत होता. अशाच एका थापेला, काही चाहूल न देता, वाऱ्यानं बसवलेली ती अख्खी फळी तळाच्या दाण्यांवरून सरकली आणि खड्ड्यात आमच्या बुटांवर येऊन पडली. मागे राहिलेली जागा आरशासारखी साफ. तिसऱ्या दहा थापा, खांद्यातून मारायच्या, लागल्याच नाहीत. भैजींनी फावडं खाली ठेवलं आणि समोरच्या मोठ्या, नितळ, आमंत्रण देणाऱ्या उताराकडे एकदा पाहिलं, मग आमच्याकडे.

"आज तिकडे नाही," एवढंच म्हणाले.

परत येताना बुग्यालाच्या सपाटीवर एके ठिकाणी पायाखालून आवाज आला. धप्प असा, खोल, जमिनीच्या पोटातून आलेला, आणि त्याबरोबर आसपासची सगळी चादर केसभर खाली बसल्याचं तळव्यांना जाणवलं. सपाटी होती म्हणून काही झालं नाही. उतारावर हाच आवाज शेवटचा ठरू शकतो, आणि कधीकधी पायथ्याच्या सपाटीवर पडलेलं पाऊल डोक्यावरचा उतार सोडवतं, कारण तळाचा दुबळा थर अखंड पसरलेला असतो आणि त्यात पडलेली चीर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच दूरवर धावते. हिमस्खलनात सापडणाऱ्या गिर्यारोहकांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो उतार त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्याच्या वजनानं सुटलेला असतो. डोंगर चालून येत नाही. आपण त्याच्या दुखऱ्या जागेवर पाय ठेवतो.

आणि मग पौष-माघ येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूनं पश्चिमी विक्षोभ निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला येऊन धडकतात, आणि दोन-तीन दिवस आभाळ खाली ओतत राहतं. त्यांच्या मागोमाग उत्तरेकडून जी थंडी सुटते ती खाली उतरत उतरत आमच्या नाशिककडे पोहोचते, निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. पण वर, उतारांवर, ते विक्षोभ कार्तिकातल्या त्या दाण्यांच्या माथ्यावर दोन-तीन रात्रींत पुरुषभर ओझं ठेवून गेलेले असतात. ओझं हळूहळू आलं तर बर्फाला सावरायला वेळ मिळतो. एकदम आलं तर मिळत नाही. मनालीला १९६९ पासून याचा अभ्यास होत आला आहे. आज संरक्षण संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ हिवाळाभर काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडासाठी धोक्याचे इशारे देतात, जिल्हावार, उंचीनुसार, रंगांमध्ये. तो रंग बघायला फोनवर मिनिट लागत नाही. उत्तरकाशी जिल्ह्याचं नाव त्या यादीत हिवाळाभर येत असतं.

द्रौपदी का डांडा समोर होता असं मी म्हटलं. खड्डा बुजवून झाल्यावर आम्ही त्याच्याकडे तोंड करून चहा प्यायलो. उन्हाची तिरीप शिखराच्या धारेवर आली होती आणि खालच्या हिमनदीवर, डोकरियाणी बामकवर, अजून निळी सावली होती. ४ ऑक्टोबर २०२२ ला तिथल्या दुसऱ्या शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. एकोणतीस जण गेले. बहुतेक शिकणारे, तरुण, डोंगरावर जीव असलेले. त्यांना शिकवणारी सविता कंसवाल त्यांच्यात होती; याच जिल्ह्यातल्या लोंथरू गावची, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोळा दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं चढून आलेली. तो दिवस खंडेनवमीचा, दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा. आमच्याकडे घरोघरी अवजारं पुसून, हळदकुंकू लावून मांडलेली होती, बाजारात झेंडूचे ढीग होते, आणि बातमीत बर्फाचा शब्द आला तेव्हा ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात तो कुणाच्या मनात शिरेचना. खाली घाम पुसण्याचे दिवस होते. वर हिवाळा सुरू झालेला होता.

भैजी त्या शिखराकडे पाहत होते. आम्ही काही विचारलं नाही. उत्तरकाशीत डोंगर शिकवणाऱ्या माणसाला त्या दिवसाबद्दल विचारायचं नसतं.

त्या शिखराच्या नावानं मात्र मनात दुसरंच काही जागं केलं. हे सगळे डोंगर पांडवांच्या शेवटच्या वाटेचे मानले जातात. पलीकडे स्वर्गारोहिणीही आहे. महाप्रस्थानाच्या त्या चालीत सगळ्यात आधी द्रौपदी पडते. भीम थबकतो, का पडली म्हणून विचारतो. युधिष्ठिर कारण सांगतो आणि मागे न बघता चालत राहतो. मग सहदेव पडतो, नकुल, अर्जुन, शेवटी भीमसुद्धा. धर्मराज थांबत नाही. त्याच्या मागून फक्त तो कुत्रा चालत असतो. लहानपणी हे ऐकताना माझा घास घशात अडकायचा. थोरामोठ्यांनी त्यातली विरक्ती समजावून सांगितली, ती समजलीही. पण जिनं जन्मभर सोबत केली ती बर्फात पडली आणि कुणी वाकलंसुद्धा नाही, हे सोसवत मात्र कधी नाही. आणि इथे, तिच्याच नावाच्या शिखरासमोर, मला जे शिकवलं जात होतं ते त्या कथेच्या बरोबर उलट होतं. इथला धर्म एवढाच.

मागे बघायचं.

कुणी बर्फाबरोबर वाहून गेलं तर डोळे त्याच्यावरून हलवायचे नाहीत. शेवटचा जिथे दिसला ती जागा मनात ठोकून ठेवायची. गळ्यातलं यंत्र, जे इतका वेळ ४५७ किलोहर्ट्झवर आपण इथे आहोत एवढंच सांगत होतं, ते शोधाकडे वळवायचं. खाली मदत मागायला धावायचं नाही, कारण मदत म्हणजे आपणच. आल्प्समधल्या नोंदी सांगतात की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात. अर्धा तास उलटला की दहातले तीनच. हेलिकॉप्टर त्या वेळात येत नाही. सोबती येतो. भैजींनी एका पोत्यात यंत्र गुंडाळून आमच्या पाठीमागे बर्फात पुरलं होतं, आणि घड्याळ लावून आम्हाला सोडलं. कानाशी बीप बीप, पडद्यावरचे आकडे कमी होणारे, मग पुन्हा वाढणारे, वळा, मागे फिरा, गुडघ्यावर या, यंत्र बर्फाला टेकवा. मग लांब सळी खुपसायची, आवर्तात, वीत-वीत अंतर ठेवून. जमिनीला लागली की ती टणक वाजते. पोत्याला लागली तेव्हा ती वाजली नाही. हाताला एक मऊ, किंचित परत ढकलणारा स्पर्श आला. पोतंच होतं ते. तरी माझे डोळे भरून आले, आणि मी फावडं मारू लागले, शिकवल्याप्रमाणे उताराच्या खालच्या अंगानं, आडवं, भराभर, दम लागेपर्यंत.

स्वित्झर्लंडच्या सेंट बर्नार्ड खिंडीत दोनशे वर्षांपूर्वी बॅरी नावाचा एक कुत्रा होता. मठातल्या साधूंनी पाळलेला. वाट चुकलेल्या, बर्फात अडकलेल्या चाळीसहून अधिक माणसांना त्यानं वाचवलं असं सांगतात. बर्नच्या संग्रहालयात तो आजही जतन करून ठेवलेला आहे. धर्मराजाच्या मागून शेवटपर्यंत चालणारा आणि पडलेल्यासाठी बर्फ उकरणारा, हे दोन्ही कुत्रे माझ्या मनात आता जवळ जवळ बसतात. माणसानं त्यांच्याकडून शिकावं.

दुसऱ्या दिवशी एक छोटा आडवा उतार ओलांडायचा होता. भैजींनी तो आधी तपासला होता, तरी नियम नियमच. एका वेळी एकानंच जायचं. पिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा, काठ्यांच्या दोऱ्यांतून मनगटं काढायची, मफलर नाकातोंडावर ओढून घ्यायचा. माझी पाळी आली. पुढे भैजींची पावलं, त्यांच्यात अचूक पाऊल टाकत मी निघाले. उजवीकडे उतार वर जात होता, डावीकडे खाली. बर्फावर ऊन असं पडलं होतं की प्रत्येक कणाला स्वतःचा उजेड होता. श्वास मफलरात ओला होत होता. आणि मग जाणवलं की माझ्या पाठीवर डोळे आहेत. पलीकडे पोहोचलेले भैजी माझ्याकडे बघताहेत, मागे थांबलेले सगळे माझ्याकडे बघताहेत. कुणी फोटो काढत नाही, कुणी बोलत नाही, कुणी बाटली काढून पाणीही पीत नाही. त्या घटकेला त्यांना जगात दुसरं काम नव्हतं. आयुष्यात आपण किती गर्दीतून चालतो. पण आपलं एकेक पाऊल कुणीतरी जिवाची नजर करून सांभाळतंय, असा अनुभव किती वेळा येतो? पलीकडे पोहोचले आणि वळून उभी राहिले. आता पुढच्याकडे बघण्याची पाळी माझी होती. बावीस-तेविसाचा एक मुलगा, आमच्याच मुंबईचा, आदल्या रात्रीपर्यंत मला त्याचं आडनावही नीट ठाऊक नव्हतं. तो उताराच्या मधोमध आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी श्वास धरला आहे.

सुरक्षितता हा शब्द फार कोरडा आहे त्यासाठी. ती माया आहे.

डिसेंबर लागला की आमच्याकडून पोरं निघतात, पुण्याहून, मुंबईहून, नाशिकहून. दयाराला, सांकरीच्या वाटेनं केदारकांठ्याला, बर्फ बघायला. जावं, जरूर जावं. ज्यानं चांदण्यात उजळलेला बर्फाचा उतार पाहिला त्याच्या मनात एक खोली कायमची पांढरी राहते. पण जाताना रैथलसारख्या एखाद्या गावात ओसरीवर घडीभर बसावं. छपरावर राजमा वाळत असतो, चौलाईच्या कणसांचे लालभडक झुबके टांगलेले असतात, आणि आतून कुणी दीदी चहा घेऊन येते. तिला विचारावं, यंदा पहिला बर्फ कधी पडला? मग किती दिवस कोरडं गेलं? तिला तारीख आठवणार नाही कदाचित, पण चौलाई झोडून झाली होती की शेतात होती ते आठवेल, गुरं छानीतून खाली आणली होती की नव्हती ते आठवेल. इशाऱ्याचा रंग फोनवर दिसेल. त्या रंगाखाली काय दडलं आहे ते तिच्या बोलण्यात सापडेल. आणि वाटाड्यानं एखाद्या सुंदर सकाळी, निळ्या आभाळाखाली, आज तिकडे नाही म्हटलं, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्यानं तळाला हात लावलेला असतो.

आणखी एक. बर्फाच्या डोंगरात मोठ्यानं बोलू नये, आवाजानं कडा सुटतो, असं आपण सिनेमांतून शिकलेले असतो. ते खरं नाही. माणसाच्या गळ्यात तेवढं बळ नाही. बर्फ सुटतो तो वजनानं, वाऱ्यानं, उन्हानं, पावलानं. हाकेनं नाही. तेव्हा उतार ओलांडून पलीकडे गेलात की वळून उभे राहा, मागच्याचं नाव घेऊन मोकळ्या गळ्यानं हाक मारा, आणि त्याची ओ येईपर्यंत पुढचं पाऊल टाकू नका.